दोन सरपंच, दोन रेशनकार्डं आणि सातबाऱ्याचा पत्ता नाही

२०२५ ची दिवाळी उरकली आणि मुंबईत जिथे जावं तिथे ‘दुबार मतदार’ हाच विषय. १ नोव्हेंबरला विरोधी पक्षांचा मोर्चा निघाला. पाठोपाठ राज्य निवडणूक आयोगाने स्थानिक निवडणुकांच्या याद्यांत संशयित नावांपुढे दोन तारे छापायचं जाहीर केलं. त्याच सुमाराला आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एक जुना व्हिडिओ टाकला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरावरचं एक गाव, दोन राज्यांची दोन ओळखपत्रं हातात धरून उभी असलेली माणसं, आणि खाली काकांची टीप : ‘हे बघा, इथे अख्खं गावच दुबार!’

त्याखाली तासभर धुमश्चक्री चालली. कुणी म्हणालं, सगळ्यांवर गुन्हे दाखल करा. कुणी म्हणालं, मराठी माणसं आहेत, तेलंगणाचा संबंधच काय? एकाने विचारलं, गावं कुणाची हे ठरवणं एका सहीचं काम आहे, इतकी वर्षं का रखडलं? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात चांगला वाटला. त्याचं उत्तर मेसेजमध्ये मावेना, म्हणून हा लेख.

गाव आहे तरी कुठे?

मुंबईहून चंद्रपूर साडेआठशे-नऊशे किलोमीटर. तिथून राजुरा, पुढे सिमेंट कारखान्यांचं गडचांदूर, आणि मग माणिकगडचा डोंगर चढून गेलं की जिवती तालुका. तालुक्याच्या टोकाला, जंगलात विखुरलेल्या वस्त्या आहेत : परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, कोठा, लेंडीगुडा, शंकरलोधी, अंतापूर आणि अशाच आणखी काही. गोंडांची वस्ती म्हणजे गुडा, बंजाऱ्यांचा तांडा. सगळी मिळून चौदा गावं, म्हणून बातम्यांत ‘ती चौदा गावं’.

महाराष्ट्राच्या दप्तरात ही गावं जिवती तालुक्यातली, लोकसभेला चंद्रपूर आणि विधानसभेला राजुरा मतदारसंघातली. तेलंगणाच्या दप्तरात हीच गावं केरामेरी मंडलातली, म्हणजे कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातली, लोकसभेला आदिलाबाद. मंडल म्हणजे आपल्या तालुक्याहून लहान असा तिकडचा प्रशासकीय भाग. त्यामुळे एकाच वस्तीत जिल्हा परिषदेची मराठी शाळा आहे आणि तेलुगू माध्यमाचीही. ग्रामपंचायती दोन, सरपंच दोन, रेशनची दुकानं दोन. २०२२ च्या डिसेंबरात कर्नाटकचा सीमावाद पेटला होता, तेव्हा महाराजगुड्यातलं एक घर टीव्हीवर झळकलं : आठ खोल्यांपैकी चार महाराष्ट्रात, चार तेलंगणात. घरपट्टी दोन्हीकडे भरतात.

लोक कोण? गोंड आणि कोलाम हे इथले मूळचे. बाकीचे बरेचसे मराठवाड्यातून आलेले, त्यातही १९७२ च्या दुष्काळात पोट घेऊन डोंगर चढलेले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळं इथेच येऊन अडकणार आहे.

सीमा म्हणजे रेघ नव्हे

शाळेतल्या नकाशावर राज्याची सीमा ठसठशीत काढलेली असते, म्हणून आपल्याला वाटतं की जमिनीवरही तशीच काहीतरी रेघ असणार. नसते. सीमा बनते तीन पायऱ्यांनी.

मुंबईकराला हे सोसायटीवरून चटकन कळेल. प्लॉटचं मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयात असतं, त्यात क्षेत्रफळ आणि हद्दी लिहिलेल्या असतात. ही पहिली पायरी, कागद. मग आपल्याला दिसते ती कंपाउंडची भिंत, ही दुसरी. आणि तिसरी पायरी : पार्किंगचे पैसे कोण घेतो, झाडलोट कोण करतो, वॉचमन कुणाचा. तिन्ही जुळतात तोवर कुणी ढुंकून बघत नाही. पुनर्विकासाला बिल्डर आला, मोजणी मागवली, की कळतं भिंत तीन फूट आत आहे आणि मधल्या बोळात शेजारचा वॉचमन वीस वर्षं खुर्ची टाकून बसलाय.

राज्यांचंही असंच. कायद्यात शब्दांत लिहिलेली सीमा, जमिनीवर रोवलेले दगड, आणि प्रत्यक्ष कारभार. या तिसऱ्या पायरीत पुन्हा अनेक पदर : महसूल खात्याची सीमा वेगळी, वनखात्याची वेगळी, मतदारयादीची, पोलीस ठाण्याची, रेशनची. एरवी या सगळ्या एकावर एक नीट बसतात, तव्यावर पोळी बसावी तशा. चौदा गावांत त्या एकमेकींवरून सरकल्या आहेत.

१९५६ साली नेमकं काय राहून गेलं?

हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानातला, आदिलाबाद जिल्ह्यातला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला आणि हैदराबाद राज्याचे भाषेनुसार तीन वाटे झाले. तेलुगू भाग आंध्रात, कन्नड भाग म्हैसूरमध्ये, मराठी भाग मुंबई राज्यात. मराठवाड्याच्या जिल्ह्यांसोबत आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे दोन तालुके आणि बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल आपल्याकडे आलं. राजुरा (आजचा जिवती तालुका तेव्हा त्यातच होता) आधी नांदेड जिल्ह्यात टाकला गेला आणि १९५९ साली चंद्रपूरला, तेव्हाच्या चांद्याला, जोडला गेला.

त्या कायद्याची भाषा बघा. ‘अमुक तालुका’, ‘तमुक सर्कल’. गावांची यादी नाही, रेघेचं वर्णन नाही. म्हणजे ‘राजुरा तालुका महाराष्ट्राचा’ एवढंच ठरलं. राजुरा तालुका डोंगरावर नेमका कुठे संपतो, हे निजामाच्या काळच्या दप्तरावर सोपवलं. खाली सपाटीवर, जिथे शेतांना सर्व्हे नंबर होते आणि सारा वसूल होत होता, तिथे अडचण आली नाही. डोंगरावर जंगल. जंगलातल्या रेघेवर कुणाचं पोट अवलंबून नव्हतं, तोवर ती कुठून जाते हे विचारायलाही कुणी नव्हतं. मग वस्त्या वाढल्या, आणि दोन्हीकडचे अधिकारी आपापली वही घेऊन एकाच झाडाखाली येऊन पोचले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९७ साली ते संपलं आणि गावं आपलीच राहिली, अशी महाराष्ट्राची भूमिका आहे. पण शेजारचा कारभार काही थांबला नाही. आंध्र प्रदेशाने निवडणुका घेणं चालू ठेवलं, २ जून २०१४ ला तेलंगणा वेगळं झालं आणि वहीसकट तो वारसा त्याच्याकडे गेला. जुलै २०२५ मध्ये इथे मुंबईत, विधान भवनात बैठक झाली आणि ही गावं आता महाराष्ट्रात रीतसर घ्यायची प्रक्रिया सुरू होईल, असं महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सांगितलं. बातमी वाचून अनेकांना प्रश्न पडला : आधीच आपली असलेली गावं आपल्यात कशी घेणार? प्रश्न बरोबर आहे. वरच्या तीन पायऱ्या आठवा. महाराष्ट्राच्या मते पहिली पायरी सुटलेली आहे, राहिल्यात त्या दुसरी आणि तिसरी.

दोन्हीकडून घेणं ही फसवणूक नाही का?

आधी कायदा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघाच्या यादीत असू शकतं. १९५१ चा त्याच नावाचा कायदा आणखी कडक. सार्वत्रिक निवडणुकीत कुणी एकाच प्रकारच्या दोन मतदारसंघांत मत दिलं, तर त्याची दोन्ही मतं बाद. म्हणजे काकांचं म्हणणं कायद्याने बरोबर आहे.

पण मतदान गुप्त असतं. यंत्रात गेलेलं मत कुणाचं हे शोधून बाद करणार कसं? राहता राहिली शाई. २०१९ साली चंद्रपूर आणि आदिलाबाद दोन्हीकडे ११ एप्रिललाच मतदान होतं, त्यामुळे शाईचा धाक तरी होता. २०२४ मध्ये चंद्रपूरला १९ एप्रिल आणि आदिलाबादला १३ मे. मध्ये चोवीस दिवस.

मात्र मुंबईतल्या बोगस नावांशी याची तुलना करताना एक फरक विसरू नये. इथे माणूस खोटा पत्ता देऊन दुसऱ्या यादीत शिरलेला नाही. पत्ता एकच आहे, खरा आहे, आणि दोन राज्यांचे कर्मचारी त्याच दारात येऊन त्याच माणसाचं नाव लिहून गेले आहेत. दुबार तो माणूस नाही, दुबार सरकार आहे.

गिरगावातल्या एखाद्या चाळीची कल्पना करा. मूळ मालक वारला, दोन पुतणे हक्क सांगतायत, कोर्टात दावा चालू. महिन्याच्या पाच तारखेला एक येतो भाडं मागायला, दहा तारखेला दुसरा. शहाणा भाडेकरू काय करतो? दोघांच्याही भाडेपावत्या फायलीत लावून ठेवतो. उद्या कोर्टाने एकाच्या बाजूने निकाल दिला तर आपण रस्त्यावर यायला नको. चौदा गावांतलं दुसरं रेशनकार्ड हे अशी पावती आहे.

फायदे नाहीत असं मी म्हणत नाही. तेलंगणाने २०१८ पासून रयतू बंधू योजनेत शेतकऱ्याला एकरी थेट पैसे द्यायला सुरुवात केली, ते महाराष्ट्राच्या गावांत सीमेपलीकडून ऐकू गेलं. निराधारांची पेन्शन तिकडे २,०१६ रुपये असताना इकडे काही वर्षं १,००० होती. बसचं घ्या : एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून फुकट. मग २०२४ मध्ये इकडे लाडकी बहीण आली आणि पारडं थोडं हललं. दोन राज्यं आपापल्या मतदारांसाठी एकमेकांवर कुरघोडी करत असताना मधल्या माणसाने दोन्ही खिडक्यांवर रांग लावली, तर त्याला लबाड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आता आधार जोडणीमुळे दोन कार्डांवर रेशन उचलणं अवघड होत जाईल, हे वेगळं.

सगळं दोन-दोन, मग तक्रार कसली?

जमिनीची. आणि या लेखातली मुख्य गोष्ट हीच.

मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, पेन्शन ही सगळी माणसाच्या नावावर निघतात. सातबारा निघतो जमिनीवर. त्यासाठी गाव महसुली गाव असावं लागतं, जमिनीची मोजणी होऊन गट नंबर पडावे लागतात, आणि ती वनखात्याच्या वहीत नसावी लागते. डोंगरावरची बरीचशी जमीन वनजमीन म्हणून नोंदलेली. पन्नास वर्षं कापूस-तूर पिकवूनही अनेक शेतकऱ्यांच्या नावावर ती नाही. सातबारा नाही म्हणजे बँकेचं पीककर्ज नाही, पीक गेलं तर नुकसानभरपाईच्या यादीत नाव नाही, आणि तेलंगणाच्या एकरी पैशांसाठीही पट्टादार पासबुक, म्हणजे जमिनीच्या मालकीची तिकडची वही, लागतंच.

मग वनहक्क कायदा कशासाठी आहे? २००६ चा हा कायदा जंगलात कसणाऱ्याला जमिनीचा हक्क देतो, जास्तीत जास्त चार हेक्टर. अट अशी : अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवला की पुरे. इतरांनी मात्र त्या तारखेआधीचं तीन पिढ्यांचं वास्तव्य सिद्ध करायचं, एक पिढी पंचवीस वर्षांची. पंच्याहत्तर वर्षं मागे मोजा, १९३० येतं. म्हणजे १९७२ च्या दुष्काळात आलेला माणूस सपशेल बाहेर. मुंबईत झोपडपट्टीवाल्याला ही भाषा नवी नाही. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर फुकट घराला पात्र, नाहीतर नाही. एका लाइटबिलावर अख्खं घर तरतं किंवा बुडतं. डोंगरावर तेच, फक्त लाइटबिल १९३० चं मागितलंय.

आता यात राज्याची सीमा मिसळा. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो. तेलंगणात हाच समाज, लंबाडा या नावाने, अनुसूचित जमातीत आहे; १९७६ पासून. म्हणजे तांड्यावरचं तेच कुटुंब, तेच शेत, पण सीमेच्या एका बाजूने मोजलं तर पुरावा २००५ पर्यंतचा आणि दुसऱ्या बाजूने मोजलं तर १९३० पर्यंतचा! त्यातही मेख आहेच. जमातीचा दर्जा माणसाबरोबर राज्याची सीमा ओलांडत नाही, त्यामुळे मराठवाड्यातून आलेल्याला तिकडे तो आपोआप मिळतो असं नाही. तरी जून २०२३ मध्ये तेलंगणा सरकारने आसिफाबादेतच ‘पोडू’ पट्ट्यांच्या वाटपाचा मोठा कार्यक्रम केला (पोडू म्हणजे जंगल साफ करून केलेली शेती), तेव्हा सीमेवरच्या माणसाच्या मनात काय आलं असेल हे ओळखायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये निजामाच्या काळच्या हैदराबाद गॅझेटचा दाखला देत बंजारा समाजाचे मोर्चे निघाले, ते अनुसूचित जमातीच्या आरक्षणासाठी होते. पण या डोंगरावर त्या मागणीला शेताचा बांध जोडलेला आहे.

जाता जाता : हा जमिनीचा प्रश्न इथे पुनर्रचनेपेक्षा जुना आहे. गोंड नेता कोमरम भीम १९४० साली निजामाच्या पोलिसांशी लढताना मारला गेला ते जोडेघाट याच केरामेरी मंडलात आहे. जंगलखात्याची सक्ती आणि हातची जाणारी जमीन, हेच तेव्हाचंही भांडण. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला कारणं शोधायला पाठवलं, आणि गोंडांना पट्टे द्यायला सुरुवात झाली. राजवट तेव्हापासून तीनदा बदलली. पट्ट्याची रांग अजून आहे.

एका सहीचं काम नाही का?

याला दोन उत्तरं आहेत, आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळेच गोंधळ होतो.

सीमा बदलायची असेल, म्हणजे एका राज्याचा भाग दुसऱ्याला द्यायचा असेल, तर ते कुठल्याही मुख्यमंत्र्याच्या हातात नाही. राज्यघटनेचं कलम ३ तो अधिकार फक्त संसदेला देतं. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येतं, संबंधित विधानसभांचं मत मागवलं जातं. ते मत बंधनकारक नसतं, पण विचारावं लागतं. असं झालेलं आहे : गंगा आणि घागरा पात्र बदलत राहिल्या म्हणून बिहार आणि उत्तर प्रदेशची सीमा १९६८ साली संसदेने कायदा करून पक्की केली, यमुनेसाठी उत्तर प्रदेश आणि हरियाणाची १९७९ साली.

सीमा तीच ठेवून फक्त ती जमिनीवर दाखवायची असेल, तर संसदेची गरज नाही. दोन्ही राज्यांचे भूमी अभिलेख खात्याचे लोक जुने नकाशे घेऊन जातात, संयुक्त मोजणी होते, दगड रोवले जातात. जुलैमधली घोषणा या दुसऱ्या रस्त्याची आहे. पण ‘संयुक्त’ या शब्दात दोन पक्ष येतात. आपला मोजणीदार आपला दगड रोवून आला आणि शेजाऱ्याने तो मानलाच नाही, तर आहे तेच पुढे चालू. महाराष्ट्र आपल्या बाजूने महसुली गावं घोषित करू शकतं, गट नंबर पाडू शकतं. तेलंगणाच्या मतदारयादीतलं एक नाव खोडायचा अधिकार त्याला नाही.

दोन राज्यांचं जमलंच नाही तर कलम १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालय. बेळगावचा आपला दावा २००४ पासून तिथे आहे. आणखी काही लिहायला नको.

बेळगावसारखंच आहे ना मग?

वरवर. बेळगावात कायद्याची रेघ स्पष्ट आहे आणि ती चुकीची आहे असं आपलं म्हणणं आहे. म्हणून तिथे भाषा, लोकेच्छा, गाव हा घटक असे मुद्दे येतात. गाव हा घटक धरून सीमा ठरवायची ही रीत ह. वि. पाटसकरांनी आंध्र आणि मद्रासच्या वादात वापरली होती, तिचा दाखला आपण अजून देतो. चौदा गावांत भांडण रेघ बरोबर की चूक याचं नाही. रेघ नेमकी कुठे आहे, याचं आहे. इथली माणसं मराठी बोलतात, बंजाऱ्यांची गोरमाटी, गोंडी, कोलामीही बोलतात आणि बाजाराला गेली की तेलुगूतही भाव करतात. भाषेच्या तराजूत हा वाद घातला तर काटा स्थिर राहणार नाही.

आता पाहायचं काय?

जनगणनेकडे लक्ष ठेवा. जनगणनेआधी देशभरातल्या प्रशासकीय सीमा गोठवतात, म्हणजे मोजणी संपेपर्यंत नवा तालुका नाही की नवं गाव नाही. २०२७ च्या जनगणनेसाठी ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख दिली होती. त्यामुळे या गावांच्या महसुली दर्जाचं काम या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावं लागेल. आणि प्रगणक दोन्ही राज्यांचे दारात आले, तर एक कुटुंब दोनदा मोजलं जाणार नाही याची काळजी कुणीतरी घ्यायला हवी.

हे सगळं मी ग्रुपवर थोडक्यात लिहिलं. काका बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, ‘ते सगळं ठीक, पण त्या आठ खोल्यांच्या घरातल्या माणसांनी नेमकं कुठे मत द्यायचं?’

कायदा म्हणतो, माणूस जिथे नेहमी राहतो तिथे. घर किंवा जमीन तिथे मालकीची असणं एवढंच पुरेसं नाही.

‘नेहमी राहतो म्हणजे? झोपतो ती खोली की जेवतो ती?’

त्यावर तिसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं : ‘काका, आधी मोजणी होऊ द्या.’